हातात किती पडले?

मोंढ्यात माल घालून गाडी गावात परतली की पारावर दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात: "काय भाव लागला?" दुसरा थोड्या वेळाने, चहाची कपबशी हातात असताना, आवाज उतरवून: "हातात किती पडले?" पहिल्याला माणूस चार पैसे चढवून उत्तर देतो. दुसऱ्याला बहुतेक वेळा नुसती मान हलवतो.

या पुस्तिकेचे हस्तलिखित वाचताना मला हा दुसरा प्रश्न पानोपानी ऐकू येत होता. लिहिणारीने तो या शब्दांत विचारलेला नाही. ती 'सेलर फी', 'सेटलमेंट', 'रिटर्न' अशा शब्दांत बोलते, कारण ज्या पडद्यावर तिच्या बचत गटाच्या बायका माल विकतात तिथे हेच शब्द असतात. पण शब्द बाजूला सारले की खाली तीच आमची जुनी पट्टी दिसते. वर भाव, खाली कपाती, आणि तळाला एक रकम. ती पाहून माणूस कागदाची घडी घालतो आणि खिशात ठेवतो.

प्रस्तावना माझ्याकडे का आली, ते सांगायला हवे. मी फुलंब्रीचा, गिरिजा नदीच्या काठचा. शेती थोडी, म्हणून तरुणपणी शहरात अडतीच्या दुकानात मुनीम म्हणून लागलो. आधी जुन्या मोंढ्यात, पुढे जाधववाडीच्या आवारात. चौदा वर्षे पट्ट्या लिहिल्या. मका, बाजरी, तूर, गहू, आणि पाणी बरे असले त्या वर्षी अद्रकसुद्धा. शेतकरी गादीच्या कडेला बसायचा, मी लिहायचो: हमाली, तोलाई, वाराई, अडत, बारदाना. कधी क्विंटलमागे किलो-दोन किलो कडता. कडता कशाचा? मातेऱ्याचा, ओलीचा, 'रिवाजाचा'. खरे सांगायचे तर मी वजा केलेल्या काही रकमांचे कारण मला तेव्हाही विचारले असते तर सांगता आले नसते. कोणी विचारले नाही. मीही आपणहून सांगितले नाही. ज्याने एवढी वर्षे दुसऱ्याच्या पैशातून वजाबाकी केली त्याला कपातीची भाषा कळते, असे समजून या मुलीने हस्तलिखित माझ्या पुढ्यात ठेवले. ती आमच्या गल्लीतलीच. मला 'आबा' म्हणते आणि माझ्या चुका तोंडावर सांगते.

आमच्याकडे लिलावाला हर्रास म्हणतात. निजामाच्या राज्यातून आलेला शब्द आहे. जमीन, झाडे, जप्तीचे सामान, बाजारातली धान्याची रास, सगळ्याचा हर्रास. हर्रासात विकणाऱ्याची स्थिती मोठी चमत्कारिक असते. माल त्याचा, पण बोलण्याचा हक्क दुसऱ्यांचा. तो बाजूला उभा राहून आपल्या राशीवर चाललेला ओरडा ऐकतो. त्यातून खरेदीदारांनी आधीच संगनमत केले असेल तर ओरडा नुसता देखावा. जनावरांच्या बाजारात तर तोही नसतो, रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरतो आणि मालकाला बोटांची भाषा येत नसेल तर त्याला फक्त रुमाल दिसतो.

या सगळ्यावर कायदा आणायचा प्रयत्न फार जुना. १८८६ साली कारंज्याला, आजच्या वाशीम जिल्ह्यात, कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानतात. वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना हवा होता, म्हणून तो व्यवस्थित जमा व्हावा, ही त्यामागची कळकळ. शेतकऱ्याच्या पट्टीची काळजी नंतर आली. १९२८ साली शेतीवरच्या रॉयल कमिशनचा अहवाल निघाला. देशभरच्या बाजारांत शेतकऱ्याच्या रकमेतून काय काय कापले जाते, याची त्यात चर्चा आहे. त्या काळच्या कपातींची नावे आमच्याही जुन्या माणसांच्या तोंडी होती: धर्मादाय, गोरक्षण, पाणक्या, झाडूवाला. मंदिराला द्यायचे ते व्यापारी द्यायचा, पुण्यही त्याचेच, पैसे मात्र राशीच्या मालकाचे. आमच्या हैदराबाद संस्थानात १९३० साली बाजाराचा कायदा झाला. पुढे महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समिती कायदा आला आणि मंजूर केलेल्या खर्चाशिवाय काही कापायचे नाही, असे कागदावर ठरले. बाजार फी, म्हणजे शेकड्याला पाऊण ते एक रुपया, खरेदीदाराने द्यायची. अडत मात्र बराच काळ शेतकऱ्याच्याच माथी राहिली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि अडत खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी काही दिवस बाजार बंद ठेवले होते. अडतीचे ओझे कोणाच्या खांद्यावर हा प्रश्न किती जड आहे, ते त्या बंदने दाखवले.

एवढा इतिहास मुद्दाम सांगितला. पडद्यावरच्या लिलावात पाऊल टाकणाऱ्याला वाटते की आपण मोंढा मागे टाकून आलो. अडत्या नाही, हमाल नाही, काटा नाही, तर कपात कोण करणार? पण कोणाचा तरी खर्च होतो, आणि तो बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या वाट्याला येतो. जगातला सगळ्यात गाजलेला ऑनलाइन लिलाव अमेरिकेत सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू झाला, पिएर ओमिड्यार नावाच्या तरुणाने घरबसल्या उघडलेला. पुढे त्याचे नाव ईबे झाले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. आधी सगळे फुकट होते. मग गर्दी वाढली, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने महिन्याला २५० डॉलर मागितले, आणि त्याने विकणाऱ्यांकडून टक्केवारी घ्यायला सुरुवात केली. खरेदीदाराकडून नाही, विकणाऱ्यांकडून. अडत पहिल्या वर्षातच जन्माला आली. मला हे वाचून बरे वाटले, उगाच खोटे कशाला बोलू.

आपल्याकडे २००० साली मुंबईतून बाझी डॉट कॉम निघाली. ती २००४ मध्ये ईबेने विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिच्या प्रमुखाला दिल्ली पोलिसांनी अटक केली. एका विक्रेत्याने साइटवर आक्षेपार्ह चित्रफीत विकायला ठेवली होती. 'आम्ही फक्त मध्यस्थ, माल आमचा नाही' या वाक्याचे कायद्यात वजन किती, हा वाद तिथून पेटला. २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यामागे हे प्रकरण होते. आज कुठल्याही साइटच्या अटी वाचा, तेच वाक्य दहा प्रकारे लिहिलेले सापडेल. मोंढ्यातल्या अडत्याने असे म्हटले असते तर शेतकऱ्याने त्याच्या गादीवरच बैठक मारली असती. पडद्याला गादी नसते.

आमच्या बायका मात्र लिलाव असो वा ठरीव किंमत, दोन्हींत सारख्याच अडकतात. ईबेची भारतातली साइट ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. आता किरकोळ विक्री बहुतेक ठिकाणी ठरीव किमतीची आहे. बोलीचा लिलाव जुनी नाणी, तिकिटे, वापरलेल्या गाड्या, बँकांनी जप्त केलेल्या मालमत्ता आणि सरकारी भंगार यांत उरला आहे. आणि शेतमालात, ई-नाम या सरकारी ऑनलाइन बाजारात. लिहिणारीने या सगळ्यांना एकाच पुस्तिकेत आणले याबद्दल कोणी नाक मुरडेल. मी मुरडत नाही, कारण पट्टीचा साचा सगळीकडे एकच आहे.

तो साचा तिने गोधडीवरून समजावला आहे आणि पुस्तिकेतला सर्वांत चांगला भाग तोच. समजा दोन जुन्या नऊवारींची हाताने शिवलेली गोधडी लिलावात १२०० रुपयांना गेली. गटात पेढे वाटले गेले. आता पट्टी लिहू. दर इथे उदाहरणापुरते धरले आहेत, रीत खरी आहे. साइटचे कमिशन १० टक्के, म्हणजे १२०. पैसे वळते करण्याचा आकार २ टक्के, २४. या दोन्ही सेवांवर १८ टक्के जीएसटी, सुमारे २६. खोका, टेप, प्लास्टिक मिळून ५०. उरली पाठवणी. गोधडीचे वजन अडीच किलो, म्हणून बायकांनी अडीच किलोचाच हिशोब धरला होता. पण कुरिअरवाला खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजतो, गुणतो, बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतो, आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर तेच वजन धरतो. चाळीस बाय चाळीस बाय तीसच्या खोक्याचे ९.६ किलो होतात, दहा धरले जातात. किलोला ४० रुपये दराने ४०० रुपये. बेरीज ६२०. हातात ५८०, आणि त्यात गोधडी शिवायला लागलेले पंधरा दिवस मोजलेलेच नाहीत.

हे पान वाचल्यावर मी हसलो. हा कडताच आहे, फक्त उलटा. मोंढ्यात माल भरपूर असून वजन कमी धरायचे, इथे माल हलका असून वजन जास्त धरतात. पण कडत्यावर शेतकऱ्याकडे उपाय नव्हता, इथे आहे. गोधडी घट्ट गुंडाळून, हवा काढून चाळीस बाय तीस बाय दहाच्या पुडक्यात बसवली की मोजमापाचे वजन २.४ किलो होते, म्हणून खरे अडीच किलोच धरले जातात. पाठवणी ४०० वरून १०० वर येते, हातात ५८० ऐवजी ८८० पडतात. भाव एक पैसाही न वाढता तीनशे रुपये. मुनीमगिरीत मला कुठल्याही शेतकऱ्याला तीनशे रुपये वाचवून देता आले नाहीत.

माल परत येण्याचे प्रकरणही असेच नेमके आहे. मोंढ्यात काटा झाला की माल खरेदीदाराचा, मग पाऊस पडो की भाव. पडद्यावर माल पोचल्यानंतर खरी बोलणी सुरू होतात. 'रंग फोटोसारखा नाही.' 'वास येतो.' कधी गोधडी जाते आणि तिच्या जागी फाटकी चादर परत येते. दोन्ही बाजूंचा पाठवणी खर्च विक्रेत्याच्या खात्यातून कापला जातो आणि वाद साइट ठरवेल तसा. म्हणून लिहिणारी सांगते की पुडके भरतानाचा व्हिडिओ काढा, खोक्यावरचा नंबर दिसू द्या, परत आलेले पुडकेही कॅमेऱ्यासमोरच उघडा. मला आधी हे फार वाटले. मग आठवले की काट्यावर उभा राहून, डोळे न हलवता आकडा पाहणारा शेतकरीच शेवटी कमी फसायचा. तिचा व्हिडिओ म्हणजे तेच ते काट्यावरचे डोळे.

बोली चढवण्या-उतरवण्याच्या फसवणुकीवर पुस्तिकेत थोडेच आहे आणि तिथे मी अधिक लिहिले असते. आमच्या हर्रासात धोका बोली पाडण्याचा. खरेदीदार चार, ते आपसात ठरवून येतात. ऑनलाइन लिलावात उलटा धोका: विकणारा स्वतःच दुसऱ्या नावाने बोली लावून भाव फुगवतो. ही फसवणूक आहे, पकडले तर खाते बंद होते. नवख्या विक्रेत्याला मात्र तिसराच फटका बसतो. बोली गगनाला भिडते, लिलाव संपतो, आणि जिंकणारा पैसेच भरत नाही. वस्तू अडकून पडते, काही ठिकाणी टाकणावळीचे, म्हणजे वस्तू साइटवर टाकण्याचे, शुल्कही परत मिळत नाही, पुढच्या लिलावात लोक त्या वस्तूकडे शंकेने पाहतात. यासाठी राखीव किंमत ठेवावी. तिच्याखाली माल द्यायचा नाही हे आधीच सांगून टाकायचे. ती ठेवायला काही साइट जादा पैसे घेतात. द्यावेत की नाही हे वस्तू पाहून ठरवा. गोधडीला नको, आजीच्या पुतळीमाळेला हवी.

ई-नामबद्दल मात्र आमचे दोघांचे पटले नाही. १४ एप्रिल २०१६ रोजी आठ राज्यांतल्या २१ बाजारांपासून ते सुरू झाले. फाटकावर नोंद, मालाची तपासणी, पडद्यावर बोली, काटा, मग थेट खात्यात पैसे, अशी त्याची रीत. सर्वांत वरची बोली न पटल्यास माल न देण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. कागदावर यात खोट नाही. लिहिणारी म्हणते पारदर्शकता आली. मी म्हणतो, दूरच्या व्यापाऱ्याने मका न पाहता बोली लावायची असेल तर तपासणीच्या कागदावर त्याचा भरवसा हवा, आणि ओल, माती, कीड यांची तपासणी घाईगर्दीत नीट होत नसेल तर तो बोली लावताना धोका गृहीत धरूनच कमी भाव सांगतो. तो फरक पट्टीवर कुठेच लिहिला जात नाही. दुसरे म्हणजे उचल. पेरणीला अडत्याकडून पाच-पंचवीस हजार उचललेले असतात. ज्याची उचल त्याच्याच गादीवर माल जातो, मग पडदा कितीही झळको. मुलगी म्हणाली, "आबा, हा दोष पडद्याचा नाही." खरे आहे. पण विकणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?

पैसे कोणाच्या हातात किती दिवस राहतात, हे प्रकरण मी तिला पुढे घ्यायला लावले. कायद्याने मोंढ्यात त्याच दिवशी चुकती करायची असते, तरी पुढच्या तारखेचे चेक मी हातांनी वाटले आहेत. पडद्यावर साइट पैसे आधी स्वतःकडे घेते, परतीची मुदत संपली की मग सोडते. खरेदीदाराला विश्वास वाटावा म्हणून ही व्यवस्था आहे, ते मान्य. पण तेवढे दिवस बचत गटाचे भांडवल दुसऱ्याच्या खात्यात असते, आणि त्या मधल्या काळात खाते गोठवले गेले तर दाद त्याच साइटकडे मागायची. मधल्या व्यवस्थेवर डोळे झाकून भरवसा ठेवला की काय होते हे मुंबईने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजवर शेतमालाचे ऑनलाइन सौदे चालत होते, कागदावर गोदामे भरलेली होती. ३१ जुलै २०१३ ला बहुतेक सौदे थांबले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. गोदामे उघडायला गेले तर कागदावरचा माल बहुतेक ठिकाणी जागेवर नव्हताच. तिथे बुडाले ते गुंतवणूकदार, विक्रेते नव्हेत, म्हणून हे उदाहरण इथे नको असे लिहिणारीचे म्हणणे होते. मी हट्ट धरला. तराजू कोणाच्या हातात आहे हे न पाहता पैसे सोपवणारा विकणारा असो की घेणारा, अडकतो सारखाच.

आता माझे. हे सांगितल्याशिवाय प्रस्तावना लिहायची नाही, अशी लिहिणारीची अट होती.

माझ्या आईच्या पेटीत हाली सिक्का होता. निजामाचे रुपये, एका बाजूला चारमिनार. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा हिशोब आई आम्हाला पाढ्यासारखा म्हणून दाखवायची. ती गेल्यावर नऊ रुपये माझ्या वाट्याला आले. २०२० च्या हिवाळ्यात, लोक घरात बसून कंटाळले होते तेव्हा, नातवाने त्यांचे फोटो कुठल्याशा साइटवर टाकले. दोन दिवसांत फोन आला. 'तुमच्या नाण्यांवर लिलावात तीन लाख चाळीस हजारांची बोली लागली आहे.' बोलणारा अदबीने बोलायचा, 'सर' म्हणायचा, ओळखपत्राचा फोटो पाठवायचा. आधी नोंदणी शुल्क १,२५०. मग जीएसटी २,८००. मग विमा ४,५००, 'तो परत मिळेल सर'. मी तिन्ही भरले. चौदा वर्षे दुसऱ्यांच्या पट्ट्या लिहिणाऱ्या माणसाने ८,५५० रुपये एका फोनवर दिले. चौथ्या वेळी त्याने 'रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र' म्हणून आणखी काही मागितले तेव्हा सुनेने हातातून फोन काढून घेतला.

त्यानंतर काही महिन्यांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, रिझर्व्ह बँकेने लोकांना सावध करणारे निवेदन काढले: जुन्या नोटा-नाण्यांच्या विक्रीसाठी बँकेचे नाव वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, बँक असल्या व्यवहारात कधीच नसते. मी ते निवेदन दोनदा वाचले.

आपण नेमके कुठे फसलो ते मी बरेच दिवस शोधत होतो. शेवटी पट्टीतच सापडले. माझ्या हयातीत मी लिहिलेल्या एकूण एक पट्टीवर कपात भावाच्या खाली होती. माल विकला, पैसा आला, मग त्यातून कापले. कितीही अन्यायी असली तरी कपात आलेल्या पैशातूनच व्हायची. इथे भाव नुसता कानावर आला होता आणि कपात आधी खिशातून गेली होती. पट्टी उलटी होती आणि मुनीमाला ते दिसले नाही, कारण त्याचे डोळे तीन लाख चाळीस हजारांवर होते. साइटचे खरे शुल्क, टाकणावळीचा किरकोळ आकार सोडला, तर विक्रीतून वजा होते. फोन करून, घाई करून, वेगळ्या खात्यावर मागितले जात नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधी टाकावा लागत नाही, क्यूआर कोड कधी स्कॅन करावा लागत नाही. जुना फ्रीज किंवा सोफा विकायला काढला की 'लष्करात आहे, बदली झाली, कोड स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणारा फोन आता खेडोपाडी पोचला आहे. फसलात तर १९३० वर लगेच फोन करा. मी लाजेपायी चार दिवस घालवले, आणि तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते.

गंमत पुढे आहे. नाण्यांवरचे हिजरी साल वाचून घेतले तर एकावर १३३७ होते, म्हणजे इसवी सन १९१८-१९. शंभर वर्षे उलटली. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची नाणीही पुरावशेषात मोडतात. ती परदेशी धाडायची सामान्य माणसाला मुभा नाही, आणि असल्या वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो. नांगराला लागलेल्या नाण्यांचा हंडा तर सोडाच. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली संपत्ती जिल्हाधिकाऱ्याला कळवावी लागते. आमच्या भागात, जिथे दौलताबाद आणि पैठण हाकेच्या अंतरावर, ही माहिती कोणा शेतकऱ्याच्या खरोखर उपयोगी पडू शकते. आणि त्या नाण्यांची किंमत? चारमिनारचा रुपया सर्रास मिळतो. तीन लाख सोडा, नऊ रुपयांत सुनेला एक साखळी घडवता येईल की नाही याचीही शंका.

कराचे प्रकरण रूक्ष आहे, पण वगळू नका. साइट विक्रेत्याच्या रकमेतून जीएसटीपोटी अर्धा टक्का आणि आयकरापोटी ०.१ टक्का कापून सरकारकडे भरते. हे शुल्क नव्हे, पुढे हिशोबात मिळू शकते, म्हणून पट्टीत वेगळ्या रकान्यात लिहावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना ऑनलाइन विक्रीसाठीही, उलाढाल मर्यादेत असेल तर, जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र आपली सुंठ गोव्याला पाठवायची म्हटले की ती सवलत संपते. आमच्या गटाला हे पहिला माल पणजीला गेल्यावर कळले.

एवढे सगळे वाचून मी लिहिणारीला म्हणालो की तुझ्या पुस्तिकेची पट्टी कुठे आहे? ती गोंधळली. मग तिने शेवटच्या पानावर छापली. किंमत ६० रुपये. कागद नि छपाई ३१, शिवण ४, दुकानदाराचे कमिशन १२, खराब निघालेल्या प्रती गृहीत धरून ३. प्रस्तावनेच्या पुढे तिने 'चहा, दोन कप, २०' असे लिहिले होते. ते मी खोडायला सांगितले. चहा आमच्या घरचा होता. तळाला हातात पडणारी रकम तिने मला विचारून भरली.